ओढ्यापलीकडचा दवाखाना

१४ ऑगस्ट, बुधवार

उद्या दवाखाना सुरू. आज दिवसभर भैरोबाच्या देवळाचा हॉल धुऊन काढला. काढला म्हणजे मी एकट्यानं काढला. गावातली तरणी पोरं फोटोपुरती आली आणि बादली दिसताच पांगली. आत पडदे बांधले, टेबल लावलं, तपासणीची खाट मांडली. दारात माझी खुर्ची. पलटणीत आजारी जवानांची सकाळी रांग लागायची. नाव, नंबर, तक्रार खणखणीत आवाजात सांगायची आणि पुढं सरकायचं. तीच पद्धत इथं लावणार. शिस्त असली की दवाखाना होतो, नसली की जत्रा होते.

मिरजेच्या ट्रस्टची ही गाडी आमच्या हिंगणवाडीला यावी म्हणून मी किती खेटे घातले ते माझं मला माहीत. दर गुरुवारी बाई डॉक्टर, तपासणी फुकट, औषधं फुकट, फक्त बायकांसाठी. एवढा हट्ट धरला तो थोरल्या वहिनीमुळं. चंद्राबाई वहिनी दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेल्या. कळलं तोवर डॉक्टरांनी हात टेकले होते. इतके दिवस अंगावर काढलं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. माझी जीप दारात उभी असताना! का सांगितलं नसेल, याचा विचार करून डोकं फिरायची वेळ आली. आता या गावातल्या एकाही बाईचं असं होऊ द्यायचं नाही.

मनुबाईला म्हटलं, उद्या पहिला नंबर तुझा. सुभेदाराची बायको पुढं झाली की बाकीच्या मागून येतील. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीया?" आणि उभ्या उभ्याच भाकरी थापत राहिली. हल्ली ती खाली बसून काही करतच नाही. गॅसला उंच ओटा बांधून घेतलाय. उतारवयात शहरी थाट सुचलेत.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून लगेच उद्घाटन. नारळ नाथाजीदादानं फोडला. नाथाजीदादा माझा थोरला चुलतभाऊ, देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. हॉल त्याच्या शब्दावर मिळाला, म्हणून मान त्याचा. डॉ. संयोगिता वयानं लहान आहेत, बोलतात कमी, पण चेहरा हसरा. मदतीला गावची आशा आरोग्यसेविका आम्रपाली. ती ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. पायाला भिंगरी आणि जिभेला धार.

आल्या त्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या. मी प्रत्येकीला दारात विचारलं, "नाव? वय? तक्रार?" त्या पटापट बोलल्या. एकीनं तर समोर पारावर बसलेल्या मंडळींनाही गुडघा दाखवला. सुना मात्र पारापर्यंत आल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि डेअरीकडं वळल्या. पहिला दिवस, बुजल्या असतील.

मनुबाई सकाळीच मळ्यात निघून गेली. चवळी तोडायची होती म्हणे. नेमकी आजच.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज दोन म्हाताऱ्या. त्यातली एक चुकून आली, तिला रेशनचं दुकान हवं होतं.

दुपारी डॉक्टर म्हणाल्या, "सुभेदार, दिवसभर असं ताटकळत बसू नका. घरी आराम केलात तरी चालेल. नावं आम्रपाली विचारून घेईल." मी म्हटलं, "मॅडम, ड्यूटी सोडून घरी आराम करणारा माणूस मी नव्हे." त्या हसल्या आणि आत गेल्या. परक्या मुलीला माझ्या वयाची किती काळजी! घरी येऊन मनुबाईला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून आत गेली.

५ सप्टेंबर, गुरुवार

बायका येत नाहीत कारण त्यांना माहितीच नाही, असं माझ्या ध्यानात आलं. सकाळी सात वाजता देवळाचा भोंगा लावला आणि स्वतः बोललो. "गावातील सर्व महिलांना सूचना. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, गर्भाशयाचे आजार, जे काही असेल ते लपवू नये. ताबडतोब देवळाच्या हॉलवर येऊन माझ्याकडं नाव सांगावं." तीन वेळा सांगितलं, म्हणजे वरच्या आळीलाही ऐकू जावं.

पारावर कुणीतरी खिदळलं. त्याला तिथंच झापलं. आजारात हसण्यासारखं काय आहे?

कुणीही आलं नाही. म्हाताऱ्याही नाहीत.

घरी जेवायला बसलो तर सूनबाई, शिवांजली, स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. आमचा विश्वजीत जोधपूरला पलटणीत आहे, ती इथं आमच्याजवळ असते. एरवी आबा, आबा करत वाढायला पुढं असते. मनुबाईनं ताट आदळलं. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी." मी काय वाईट बोललो? डॉक्टरांच्या पत्रकात छापलंय तेच तर वाचलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

विश्रामबागला लेकीकडं जाऊन आलो. एकटाच. मनुबाईला एस.टी. नको, जीपही नको, रस्त्याला खड्डे आहेत म्हणे. खड्डे काय आजचे आहेत का? परवा पाण्याची घागरही शिवांजलीला उचलायला लावली. कीर्तनात बसली तर निम्म्यातून उठून आली. लेकीनं विचारलं, "आईची तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, तुझी आई ठणठणीत आहे, फक्त आळस शिरलाय. लेक माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं पोळी वाढली. या घरातल्या बायकांना झालंय तरी काय?

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज डॉक्टरांनी सरळच सांगितलं. ट्रस्टकडं अशी गाडी एकच आहे आणि दुसऱ्या तालुक्यातल्या गावांची मागणी आलीय. "दिवाळीपर्यंत वाट बघू. इथं बायका आल्याच नाहीत तर गाडी तिकडं पाठवावी लागेल. मला वाईट वाटतंय, पण रिकामी खाट घेऊन बसणं बरोबर नाही." त्यांचं चुकत नाही. तिकडच्या बायकाही बायकाच.

संध्याकाळी हॉलला कुलूप लावलं. लढाई हरणं एक वेळ समजू शकतो, पण समोर शत्रूच दिसेना तर माणूस हरतो कसा?

२६ सप्टेंबर, गुरुवार

चहाची सोय केली. बसायला पंचायतीच्या खुर्च्या आणल्या आणि पाराच्या समोर सावलीत ओळीनं मांडल्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसावं की दवाखाना चालू आहे. चहा पारावरच्या मंडळींनी संपवला. खुर्च्यांवरही तेच बसले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घट बसले. नवरात्र संपेपर्यंत हॉल देवीच्या कार्यक्रमांना. म्हणजे दोन गुरुवार वाया, आणि दिवाळी तोंडावर आली. मी हताश होऊन बसलो होतो तर आम्रपाली म्हणाली, "आबा, आमच्या विहाराचा हॉल मोकळाच हाय की. दसऱ्यासाठी रंगबी दिलाय नवा. पुढच्या गुरुवारी गाडी तिकडं लावूया."

मी लगेच हो म्हटलं नाही, हे इथं खरं लिहून ठेवतो. ओढ्यापलीकडं आपल्या भावकीतल्या बायका जातील का, नाथाजीदादा काय म्हणेल, हेच पहिलं मनात आलं. आम्रपालीला ते तोंडावर दिसलं असावं. म्हणाली, "तुमच्या न्हाई आल्या तर निदान आमच्या बायका तरी येतील. तुमच्या रांगेत त्याबी येत न्हाईत." म्हटलं, बरं, लाव. मी तसाही त्या दिवशी नाथाजीदादाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला घेऊन जाणार आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दादाचं ऑपरेशन छान झालं. डोळ्याला पट्टी, तरी येताना जीपमध्ये माझं ड्रायव्हिंग किती वाईट आहे ते सांगत होता.

गावात शिरताना ओढ्याच्या पुलावर गर्दी. मला वाटलं अपघात झाला. बघतो तर बायका! आमच्या भावकीतल्या सुना, वरच्या आळीच्या, डेअरीपलीकडच्या, कुणाचा पदर खांद्यावर, कुणी हसतेय, विहाराकडून घोळक्यानं परत येताहेत. जीप दिसली तशी सगळ्यांनी पदर डोक्यावर घेतले आणि गप झाल्या.

डॉक्टरांना दुपारचं जेवायलाही वेळ मिळाला नाही म्हणे. तिघींना पुढच्या तपासणीला मिरजेला बोलावलंय. मी विचारलं, कोण कोण आलं होतं? त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही, सुभेदार." म्हटलं, अहो, दवाखाना मी आणलाय. म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला कळेल, असं मला वाटतं." मला काही कळलं नाही.

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण मी नसताना गर्दी झाली याचं वाईटही वाटलं. उपवासाचे दिवस, स्वयंपाक कमी, बायका मोकळ्या. हेच कारण असणार.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

नवल! मनुबाई माळावरच्या देवीला सोनं वाहायला चालत गेली आणि चालत आली. घरी येऊन पाटावर बसून जेवली. म्हटलं, आळस कुठं पळाला? ती नुसती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

नाथाजीदादा रागात आहे. एका डोळ्यानं बघूनही त्याचा राग चांगला दिसतो. "आपल्या बायका तिकडं कशापायी घातल्या? देवळाचा हॉल काय पडलाय?" मी म्हटलं, दादा, मी पलटणीत सगळ्या जातींबरोबर एका लंगरात जेवलोय, माझ्या मनात तसलं काही नाही. तो म्हणाला, "तिकडं जेवला असशील गड्या. ओढ्यापलीकडं कुणाकडं जेवलास, ते सांग." भांडायला आला होता तो, आणि तोंडावर पडलो मी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दवाखाना परत देवळाच्या हॉलमध्ये आणला. नवरात्रात सवय लागलीय, आता येतील, असा हिशेब. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसलो. दहा वाजले, बारा वाजले. आम्रपाली आत खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "तू निरोप दिलास ना सगळ्यांना?" ती म्हणाली, "दिला. कुठं हाय म्हणून इचारलं त्यांनी. देवळात म्हणलं तर गप बसल्या."

देवाच्या दारात यायला बायकांना भीती कसली? रोज तर येतात आरतीला.

डॉक्टरांनी सामान आवरताना मला एवढंच सांगितलं, "दोन गुरुवार राहिलेत."

२० ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी मी ओसरीत वर्तमानपत्र वाचत होतो. मनुबाई शेंगा फोडत होती. ती सहज म्हणावं तसं म्हणाली, "आवं, डॉक्टरीण बाईंना सांगा, दिवाळी झाली की मला मिरजेला यायला जमतंय."

"कशाला?"

"ऑपरेशन हाय माजं."

मी पेपर खाली ठेवला. ती शेंगा फोडतच होती.

"कसलं ऑपरेशन?"

"अंग बाहेर येतंय माजं. पिशवी खाली उतरलीया. परवा इहारात दावलं, तवा बाईंनी आधाराची रिंग बसवली. त्यानंच तर माळावर चढले. पन पिशवी काढायलाच लागंल म्हणल्या."

"कधीपासून आहे हे?"

"इश्वजीतच्या बाळंतपणापासनं थोडं थोडं. ही शेवटची वर्सं लय. बसलं की तरास, वजन उचललं की तरास, खोकलं तरी कापड भिजतंय. एस्टीत कशी बसू मी?"

विश्वजीतला आता स्वतःची पोरगी आहे. मी तिला आळशी म्हणत होतो. लेकीच्या घरी जाऊन म्हणालो. इथं लिहिलंसुद्धा.

"मला सांगितलं का नाहीस?"

"कवा? तुमी सीमेवर. सासूबाईंना सांगितलं व्हतं तवा. त्या म्हणल्या, मलाबी हाय गं, सगळ्यास्नी असतंय. मग गप बसले. कडेगावला डॉक्टर बाप्या, त्याला काय दावू?"

"अगं, पण आता आपल्या गावात बाई डॉक्टर आली! देवळात! मी तर दारातच बसलेला होतो!"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "व्हय की. तुमी दारातच बसलेला."

मला तरीही कळायला वेळ लागला. ती म्हणाली, "नाव, वय, तक्रार इचारत व्हता न्हवं? काय सांगायचं मी? म्होरं पारावर नाथाजी भावजी, आन् सगळी भावकी. निम्म्या गावाचं तुमी सासरं. कंची सून तुमच्याम्होरं तोंड उघडंल? आन् नुसती आत गेली तरी पारावर कळणार, हिला बायकांचा आजार हाय. इहारात तसं न्हाई. तिथं आमचा ना दीर, ना सासरा. आम्रपाली म्हणली बसा, बसलो. म्हणली बोला, बोललो. एकमेकीचं ऐकून रडलो, हसलो."

मी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घालत बसलो. तिला वाटलं मला राग आला. हळू आवाजात म्हणाली, "थोरल्या जाऊबाईंनी मला सांगितलं व्हतं, रगत जातंय म्हणून. म्हणलं, जीप हाय, मिरजेला जाऊ. त्या म्हणल्या, जीप दिराची. वाटंत काय म्हणून सांगू त्येंला?"

२१ ऑक्टोबर, सोमवार

मळ्यात जाऊन बसून राहिलो. उसाला पाणी सोडलं ते बंद करायचं विसरलो, शेजारच्या वाफ्यात गेलं. रडलो. कुणी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी चाललं असतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पारावर गेलो. सगळे होते. नाथाजीदादाला म्हटलं, दवाखाना कायमचा ओढ्यापलीकडं नेतोय. तो उसळला, "देवळाचा हॉल तुला नको झाला व्हय रं?" मी म्हटलं, "हॉल चांगला आहे. बायकांना लाज वाटते ती आपली. तुझी आणि माझी." पारावर कुणी हसलं नाही. चहाचे कप हातातच राहिले.

दादा म्हणाला, "मग आता आमी पारावरबी बसायचं न्हाई का?"

"बस की. जन्मभर बस. त्या तिकडं जातील."

तो पुटपुटला, "तू बदलला गड्या." हे शिवी म्हणून म्हणाला की दुसरं काही, ते समजलं नाही. पण अडवणार नाही एवढं समजलं.

तिथून तसाच ओढा ओलांडून आम्रपालीच्या घरी. तिचे सासरे धोंडीबा रेल्वेतून रिटायर झालेले, वस्तीतले जाणते. मी हॉल मागितला. ते म्हणाले, "हॉल काय, दिलाच. बायका येत्यात, आमाला आनंद हाय. बाप्ये कवा येणार?" मी म्हटलं, एक तर आलाय. तोवर आम्रपालीची सासू बायडाबाई चहा घेऊन आल्या. प्यालो. माझा जन्म याच गावातला, पण त्या घरातला चहा आज पहिल्यांदा प्यालो. साखर जरा जास्त होती, मला तशीच आवडते.

निघताना आम्रपाली म्हणाली, "एक अट हाय, आबा. गुरुवारी तुमी पूल वलांडायचा न्हाई." सुभेदाराला हुकूम! मी "जी" म्हणालो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर घरात. काय करावं सुचेना. दोन वेळा दाढी केली. दुपारी माळ्यावरची जुनी खोकी खाली काढली आणि परत वर ठेवली. शिवांजली सकाळीच विहारात गेली होती, ती चारला आली. मी नुसतं तिच्याकडं बघितलं. तोंडानं विचारलं नाही. ती म्हणाली, "आबा, बाहेर मांडव टाकायला लागतोय पुढच्या वेळी. उन्हात उभ्या होत्या बायका." आणि मग थांबून, "मीपण दाखवलं." काय ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, "बरं केलंस."

डॉक्टरांचा फोन. गाडी कुठंही जात नाही. दिवाळीनंतरही दर गुरुवारी इथंच.

फोन ठेवला आणि मनुबाईला ओरडून सांगितलं. ती आतून म्हणाली, "वरडू नका, कळलं गावाला." पण तीही हसत होती.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

लेक आली होती. तिच्यासमोर मी म्हणालो, तुझ्या आईला आळशी म्हणालो ते चुकलं माझं. दोघींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मला दुसरी करंजी वाढली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मिरज. सकाळी मनुबाईला आत नेलं. हिरवा गाऊन घातलेली ती फार लहान दिसत होती. मला म्हणाली, "म्हशीला पेंड घालायला सांगा कुणालातरी." एवढंच.

मला भीती वाटली. गोळीबारातही वाटायची, पण तिथं हाताला काम असायचं. इथं बाकावर बसून दाराकडं बघायचं, बस्स. शिवांजलीनं पाण्याची बाटली हातात दिली आणि शेजारी बसली. सून सासऱ्याच्या शेजारी बाकावर बसत नाही आमच्यात. ती बसली आणि मला बरं वाटलं.

दुपारी डॉ. संयोगिता बाहेर आल्या. सगळं नीट झालं. काढलेल्या पिशवीची तपासणी करून अहवाल आठवड्यानं येईल. मी हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "त्यांनी फार सोसलंय, सुभेदार. आता दोन-तीन महिने घागर नाही, वाकणं नाही." म्हटलं, घागर मी उचलीन. जन्मात उचललेली नाही, पण उचलीन.

मनुबाई शुद्धीवर आल्यावर पहिलं म्हणाली, "पेंड?"

२७ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल चांगला आला. काही वाईट निघालं नाही. मी देवळात जाऊन नारळ फोडला आणि निम्मं खोबरं धोंडीबांकडं नेऊन दिलं. घागर भरतो. ओसरी मी झाडतो. शेजारीपाजारी कुंपणावरून बघतात. बघू देत.

८ डिसेंबर, रविवार

आज भावकीतल्या सुना मनुबाईला बघायला आल्या. चौघी-पाचजणी, हातात डबे. ती अंगणात उन्हाला बाजेवर बसलेली, मी ओसरीत. मला बघताच त्यांचे पदर पुढं आले. मग सुरू झालं, थंडी किती पडलीय, कारखान्याची ऊसतोडीची टोळी आली का, डेअरीत दुधाला भाव काय. मनुबाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि एकदम मोठ्यानं, मला वरच्या आळीपर्यंत जाईल असं वाटलं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "माजं अंग बाहेर येत व्हतं. लय वर्सं सोसलं. आता ऑपरेशन झालं, आता काय तरास न्हाई."

सगळ्या दगडासारख्या बसल्या. नाथाजीदादाची सून राजनंदिनी तर जमिनीकडं बघायला लागली. मी उठलो. चप्पल पायात घातली, मळ्यात जरा बघून येतो म्हणालो.

"कुटं निघाला? बसा."

"अगं, बायकांचं चाललंय..."

"बायकांचं न्हाई, माजं चाललंय. तुमाला ठाव न्हाई का आता? बसा की."

मी परत बसलो. चप्पल तशीच पायात. कुठं बघावं कळेना, म्हणून खालच्या फरशीकडं बघत राहिलो. मनुबाई सांगत होती. किती वर्षं, कसं, सासूबाई काय म्हणाल्या, रिंग कशी बसवतात, टाके कुठं असतात, सगळं. भाजी निवडताना सांगावं तसं. मध्येच ती थांबली. मला वाटलं, आता या उठून जातील. माझ्यामुळंच जातील, परत एकदा.

मग पदराआडून राजनंदिनीचा आवाज आला. "काकी, लय दुखतं का वं?"

"दोन दिवस दुखलं. सोसलं त्यापरास कायबी न्हाई."

राजनंदिनीनं माझ्याकडं बघितलं. पदर डोक्यावरच होता, पण बघितलं. आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मग येत्या गुरुवारी मलाबी दावायचं हाय."